कागदोपत्री कोच

मागच्या हंगामात मी रशियाच्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगमधल्या एका संघाचा मुख्य कोच होतो. हसू नका. लीगच्या कागदांवर स्वच्छ लिहिलंय: क्लब तुर्बिना, गाव ताल्गिन्स्क, मुख्य कोच वेनियामिन अर्खिपोविच स्योमकिन. शेजारी फोटोही आहे. त्यात मी ओरडतोय की जांभई देतोय हे माझं मलाही सांगता येणार नाही. त्या अख्ख्या हंगामात, एक शेवटचा सामना सोडला तर, कुणी कसं खेळायचं यातलं अक्षरही मी ठरवलं नाही. बोलायचंय ते त्या शेवटच्या सामन्याबद्दलच, पण मागचं कळल्याशिवाय ते कळायचं नाही, तेव्हा जरा दमानं घ्या.

आमचं गाव म्हणजे एक टर्बाइनचा कारखाना आणि त्याच्या आजूबाजूला जे काय उरलं ते. क्लब कारखान्याचा. माझ्या आजोबांच्या काळापासून तो खालच्या लीगमध्ये चिखल तुडवत होता आणि कुणाचीही काही तक्रार नव्हती. मग वरच्या साहेबलोकांना वाटलं की आपल्या प्रांताचा संघ टीव्हीवर दिसला पाहिजे. पैसा आला, खेळाडू आले, नवं गवत आलं, आणि एका उन्हाळ्यात आम्ही वर चढलो. त्या दिवशी कारखान्याचा भोंगा इतका वेळ वाजत होता की अर्ध्या गावाला आग लागल्यासारखं वाटलं, आणि लोक बादल्या घेऊन बाहेर आले.

संघ वर आणला तो रोदिओन कसात्किनने. वय छत्तीस, पायात मोजे न घालता बूट, हातात कायम टॅबलेट. हुशार होता, खोटं कशाला बोलू. फक्त त्याच्याकडे लायसन नव्हतं. वरच्या लीगमध्ये मुख्य कोच व्हायला सगळ्यात वरच्या दर्जाचं लायसन लागतं, ते मिळवायला मॉस्कोत लांबलचक कोर्स करावा लागतो, आणि कोर्सला मोठी रांग असते. आमच्याकडे यावरचा उपाय जुना आहे. लायसन असलेला एखादा म्हातारा शोधायचा, कागदावर त्याला मुख्य कोच करायचं, आणि खऱ्या कोचचं नाव 'शारीरिक तयारीचे सहायक' म्हणून लावायचं. कागद खूश, कोच खूश, म्हाताऱ्याला बसायला मऊ खुर्ची.

ताल्गिन्स्कमध्ये असा म्हातारा एकच होता. तो मी. पूर्वी कधीतरी क्लबने ज्याला कोर्सला पाठवायचं ठरवलं होतं त्याचा पाय मोडला, भरलेली फी फुकट जाऊ नये म्हणून मला गाडीत बसवलं. मी अभ्यास केला, पास झालो, आणि परत येऊन आठ वर्षांच्या पोरांना बुटाची नाडी बांधायला शिकवू लागलो. डॉक्टरेट घेऊन अंगणवाडीत जावं तसं. नंतर निवृत्त झालो आणि गावाबाहेरच्या आमच्या तुकड्यावर काकड्या लावत बसलो.

तिथंच क्लबचा संचालक एदुआर्द बुतोव मला भेटायला आला. केक घेऊन आला. बुतोव केक घेऊन आला की समजायचं, आपल्याला काहीतरी भलतंच गिळायला लावणार. त्याने काकड्यांची तारीफ केली, माझ्या बायकोच्या, निनेलच्या, तब्येतीची चौकशी केली, आणि मग म्हणाला की अर्खिपिच, तुला काहीच करायचं नाही. बाकावर बसायचं. सामना संपला की पत्रकारांपुढे बसून आम्ही देऊ तो कागद वाचायचा. संघ टिकला तर सगळे म्हणतील, वा. नाही टिकला तर... इथं तो थांबला आणि त्याने आणखी एक काकडी उचलली. नाही टिकला तर काय होईल ते मला समजत होतं. सही माझी असणार होती.

मी हो का म्हणालो? ग्लेबसाठी. ग्लेब माझा मुलगा, सदतीस वर्षांचा, तुर्बिनाचा गोलकीपर. वीस वर्षं त्याने याच क्लबच्या गोलात काढली. जिथं गोलपोस्ट गंजलेले आणि पाहुण्या संघाला अंघोळीला बादली, अशा गावांत तो खेळला. वर चढलो त्या हंगामातही गोलात तोच होता. आणि वर चढल्याचढल्या कसात्किनने सर्बियाहून दुशान नावाचा एक उंच पोरगा आणला आणि ग्लेबला बाकावर बसवलं. ग्लेबचा गुडघा दर सकाळी कुरकुरायचा. हा त्याचा शेवटचा हंगाम होता, हे त्यालाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. रविवारी आमच्याकडे पेल्मेनी, म्हणजे खिमा भरलेल्या उकळलेल्या करंज्या, खायला आला असताना, एरवी कधी काही न मागणारा माझा मुलगा ताटाकडे बघत म्हणाला, "बाबा, मला अख्खा सामना नको. एक मिनिट पुरे. वरच्या लीगमध्ये मी एक मिनिट खेळलो, एवढंच. मग मी बूट काढून ठेवतो."

म्हणून मी बुतोवला म्हणालो, बसतो तुमच्या बाकावर, पण ग्लेबला एक सामना मिळाला पाहिजे. बुतोवने माझे दोन्ही हात हातात घेतले, डोळ्यांत पाणीही आणलं. त्याला ते हवं तेव्हा येतं. म्हणाला, "एक कशाला, दोन देऊ. माझा शब्द. फक्त आधी संघ सुरक्षित होऊ दे." मी बावळट, मला वाटलं, सुरक्षित म्हणजे ऑक्टोबरपर्यंत होऊच की.

पहिले दोन सामने मी मस्त बसून काढले. थर्मासमधला चहा, गुडघ्यावर पांघरूण. दुसऱ्या सामन्यात मात्र घोळ झाला. मैदानाच्या कडेला एक चौकोन आखलेला असतो, तिथं उभं राहून एका वेळी एकानेच सूचना द्यायच्या असतात, आणि तो मान कोचचा. कसात्किन तिथं उभा राहून हातवारे करत होता. चौथा पंच त्याच्याजवळ गेला आणि अगदी अदबीने म्हणाला की व्यायामाचे मास्तर, आपण खाली बसा, मुख्य कोचला बोलू द्या. सगळा बाक माझ्याकडे बघायला लागला. माझ्या तोंडात तेव्हा बिस्कीट होतं.

त्यावर कसात्किनने तोड काढली. मी चौकोनाच्या मागच्या रेघेवर उभं राहायचं. तो माझ्या पाठीमागे बाकाच्या टोकाला बसणार आणि माझ्या कोटाचं टोक हातात धरणार. एकदा ओढलं की मी ओरडायचं 'पुढे', दोनदा ओढलं की 'मागे'. खेळाडू बदलायचा असेल तर तो कागदावर नंबर लिहून माझ्या खिशात घालणार. सामन्यात पाच खेळाडू बदलता येतात, पण त्यासाठी खेळ तीनदाच थांबवता येतो. तो हिशेबही त्याच्या टॅबलेटकडे. माझ्याकडे फक्त कोट. बुजगावण्यालासुद्धा याहून जास्त काम असतं, त्याला निदान कावळे तरी हाकलायचे असतात.

दर सामन्यानंतर निनेल कोटाची उसवलेली शिवण घालत बसायची. म्हणायची, हा कोच आहे की बाजाराला ओढत नेलेली म्हैस. आणि शिवून झालं की, "अहो मुख्य कोच, तेवढा कचरा खाली टाकून या."

शरदात एक सामना आम्ही तीन-शून्य जिंकलो. त्याची गंमत सांगतो. माझ्या कोटाचं टोक बाकाच्या घडीच्या खुर्चीत अडकलं. कसात्किन दोन-दोनदा ओढत होता, पण ते माझ्यापर्यंत पोचतच नव्हतं. मी मात्र या पायावरून त्या पायावर झालो की एक हिसका बसायचा. एक हिसका म्हणजे पुढे. पूर्वार्धभर मी 'पुढे, पुढे' ओरडत राहिलो. पोरांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग एकमेकांकडे, आणि मग गेली बिचारी पुढे. समोरच्या संघाला काही सुचेना. दुसऱ्या दिवशी कसात्किनने इंटरनेटवरच्या कुठल्याशा कार्यक्रमात तासभर समजावून सांगितलं की ही अखंड दबावाची योजना आपण उन्हाळ्यापासून कशी रचत होतो. पुढच्या सामन्यात त्याने तीच योजना मुद्दाम वापरली आणि आम्ही चार गोल खाल्ले.

पत्रकारांपुढे वाचायचा कागद कायम एकच असायचा. मुलं लढली, नशिबाने साथ दिली नाही, आता पुढच्या सामन्याकडे लक्ष. तीन-शून्यच्या दिवशीही माझ्या हातात तोच आला आणि मी तोच वाचला. कुणाच्याही लक्षात आलं नाही. एका वर्तमानपत्राने तर लिहिलं, स्योमकिन विजयातही जमिनीवरच.

आणि ग्लेब? ग्लेब दर सामन्यात मध्यंतरानंतर गोलामागे जाऊन अंग मोकळं करायचा, उड्या मारायचा, दुखरा गुडघा चोळायचा आणि परत येऊन बाकाच्या अगदी शेवटी टोपी घालून बसायचा. मी समोर उभा, तो मागे बसलेला. मान वळवली की दिसायचा, म्हणून मी मान वळवत नसे. बाजारात शेपू विकणारी ग्लाफिरा मला सगळ्यांसमोर म्हणाली, "बाप मुख्य कोच आणि पोरगं बाकावर. तू बाप आहेस की पंच?" मी शेपूची जुडी घेतली आणि सुट्टे न घेताच निघालो.

कसात्किनला मी अधूनमधून विचारायचो. तो चिडायचा नाही. उलट फार प्रेमाने समजावायचा, आणि ते जास्त वाईट. त्याच्या म्हणण्याप्रमाणे दुशान पायाने पास देतो, खेळ मागून रचतो. ग्लेबचं गोल अडवणं ठीक आहे, पण चेंडू मारतो तो जुना सोफा गॅलरीतून खाली टाकल्यासारखा. आजचं फुटबॉल तसं नसतं. "आधी सुरक्षित होऊ, वेनियामिन अर्खिपोविच, मग देऊ की त्याला." बुतोव तेच म्हणायचा. फिजिओ तेच म्हणायचा. बसचा ड्रायव्हरसुद्धा मला एकदा हेच म्हणाला, आणि त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

डिसेंबरात गावावर बर्फ बसलं आणि लीग तीन महिने झोपली. आमच्याकडे हिवाळ्यात फुटबॉल होत नाही. सगळे संघ उठून तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर जातात, शेजारशेजारच्या हॉटेलांत उतरतात आणि आपापसांत मैत्रीचे सामने खेळतात. देशात ज्यांचे गोल खाल्ले त्यांचेच तिथं उन्हात खायचे. तिथल्या एका सामन्यात दुशानला सर्दी झाली होती आणि ग्लेब पूर्ण वेळ खेळला. एकही गोल होऊ दिला नाही. कसात्किनने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, वसंतात बघू. त्या दिवशी जेवताना ग्लेब हसत होता. माझं नाक उन्हाने सोललं होतं, आणि मी इतका खूश होतो की निनेलला फोन करून नाकाची तक्रार करायलाही विसरलो.

वसंत आला आणि आम्ही हरायला लागलो. सुरक्षित होण्याचं सोडा, दर आठवड्याला ते आणखी लांब पळायला लागलं. लोकांनी भिंतीवर 'स्योमकिन चालता हो' असं लिहिलं. कसात्किनचं नाव कुणी लिहिलं नाही, कारण व्यायामाच्या मास्तराला कोण शिव्या देतं? आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईने मला नमस्कार करणं बंद केलं. तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण नमस्कार बंद.

शेवटचा सामना उरला असताना कसात्किन गेला. आमच्या देशात कोचला कुणी हाकलत नाही आणि कोच कधी पळूनही जात नाही. सगळे 'परस्पर संमतीने' जातात. माझी संमती कुणी विचारली नाही. मोठ्या क्लबकडून त्याला बोलावणं आलं होतं, तिथंही सहायक म्हणूनच. जाताना टॅबलेट नेला, आणि कोचच्या खोलीतलं कॉफीचं मशीनही नेलं. मशीन त्याचं होतं म्हणतात. असेल.

बुतोव या वेळी केक न आणता आला. म्हणाला की आता नवीन माणूस शोधायला वेळ नाही, कागदावर कोच तूच आहेस, तेव्हा हो आता खराखुरा. घरच्या मैदानावरचा सामना, मॉस्कोच्या एका मोठ्या संघाशी. हरलो तर खाली जाणार, बरोबरी झाली तरी राहणार. मी विचारलं, आणि ग्लेब? बुतोवने खांदे उडवले. "मला काय विचारतोस? कोच तू आहेस. हवं त्याला घे."

वर्षभर मी हेच मागत होतो, आणि ते असं टेबलावर ठेवून माणूस निघून गेला.

त्या रविवारी पेल्मेनी उकळत असताना निनेलने सरळ विचारलं, "आता तरी घेणार ना त्याला?" ग्लेब मध्येच म्हणाला की दुशान सध्या फार छान खेळतोय, राहू दे. निनेलने झारा आपटला आणि म्हणाली की तू गप्प बस, मी याला विचारतेय. तेव्हा मी म्हणालो, "सुरुवात दुशान करील. शेवटची काही मिनिटं ग्लेब. काही झालं तरी. माझा शब्द." त्या दिवशी ग्लेबने तिसऱ्यांदा वाढून घेतलं. निनेलने रुमालाने डोळे पुसले आणि कांद्याचं नाव पुढे केलं. कांदा त्या दिवशी चिरलाच नव्हता.

सामन्याच्या दिवशी गाव लोटलं होतं. सगळ्यांना ठाम माहीत होतं की सामना आधीच ठरवलेला आहे. मॉस्कोवाल्यांना आता काही मिळवायचं नव्हतं, त्यांची सुट्टी लागायची होती, म्हणे बॅगासुद्धा भरून बसमध्ये ठेवल्या होत्या. ते आम्हाला बरोबरी सोडून देणार. कारखान्याच्या फाटकापासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत सगळे एकमेकांना डोळे मारत होते. फक्त मॉस्कोवाल्यांना हे कुणी कळवलं नव्हतं. ते जीव खाऊन खेळले.

पोरांना मी काय सांगितलं? जे आठ वर्षांच्या पोरांना सांगायचो तेच. जवळच्याला पास द्या, लांबच्याला शिव्या देऊ नका. कोट मी घरी ठेवला होता. साध्या जॅकेटमध्ये चौकोनात उभा राहिलो तर पाठ उघडी पडल्यासारखी वाटत होती. पूर्वार्धात आम्ही कॉर्नरवरून एक गोल केला. बाकावरची सगळी पोरं माझ्या अंगावर पडली, आणि मला वाटलं, अरे, हे तर जमतंय. मध्यंतरानंतर त्यांनी तो फेडला. मग मी एकदा एक खेळाडू बदलला, जरा वेळाने आणखी एक. दोन्ही वेळा बदल बरा ठरला. खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती. अडुसष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा कुणालातरी मैदानावर पाठवत होतो आणि तो खरोखर जात होता.

दुशानने त्या दिवशी दोन चेंडू असे अडवले की मी टोपी काढली.

दहा-एक मिनिटं उरली होती. एक-एक. डाव्या बाजूचा आमचा पार्फ्योन लंगडायला लागला. त्याला बाहेर घेणं भागच होतं, त्याच्या जागेवरचा पोरगा कडेला येऊन उभाही राहिला. आणि मी बाकाकडे बघितलं. बाकाच्या शेवटाकडे. एकदम दोघांनाही पाठवायचं, एवढंच करायचं होतं. नंबर सांगायचे दोन. पण एक-एक होतं. बरोबरी हातात होती. मनात आलं, ग्लेब थंड अंगाने आत गेला, पहिलाच चेंडू हातातून निसटला, तर गाव म्हणेल की बापाने पोरासाठी क्लब बुडवला. हे तो जन्मभर ऐकेल. मी त्याचाच विचार करतोय, असं मी स्वतःला सांगितलं. मग म्हटलं, अजून वेळ आहे, आधी सुरक्षित होऊ. बरं, कोट तर घरी होता. कुणी ओढलं नव्हतं. मी पटकन नजर वळवली आणि एकच नंबर सांगितला.

पुढची मिनिटं कशी गेली ते विचारू नका. ते येत होते, आम्ही चेंडू उडवत होतो, लोक देवाला आणि पंचाच्या आईला आळीपाळीने हाका मारत होते. आणि अगदी शेवटाला, त्यांचे सगळे पुढे आलेले असताना, पार्फ्योनच्या जागी गेलेल्या पोराने लांब चेंडू टाकला, आमच्या पुढच्या माणसाने तो पळत जाऊन गोलात ढकलला. दोन-एक. ताल्गिन्स्कमध्ये असा आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता.

मी वळलो आणि हाक मारली, "ग्लेब." त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. ग्लोव्हज चढवत तो आला. लोकांनी बघितलं आणि त्यांच्याही लक्षात आलं. आधी एका कोपऱ्यात, मग सगळीकडे त्याच्या नावाचा गजर सुरू झाला. वर तिसऱ्या रांगेत निनेल उभी राहिली होती, दोन्ही हात तोंडावर. ग्लेब रेघेजवळ उभा राहून गुडघा चोळत होता. मी चौथ्या पंचाला नंबर सांगितला.

पंच तरुण पोरगा होता, सभ्य. त्याने पाटी उचललीच नाही. म्हणाला, "वेनियामिन अर्खिपोविच, बदल करता येणार नाही. तुमचे तीन थांबे झाले."

मी म्हणालो, "अजून दोन खेळाडू शिल्लक आहेत."

"खेळाडू शिल्लक आहेत. थांबे नाहीत."

तो हिशेब टॅबलेटमध्ये असायचा, आणि टॅबलेट कॉफीच्या मशीनबरोबर मॉस्कोला गेला होता. मी त्या पोराला विनवलं. एक मिनिटही नको म्हणालो, अर्धं दे. माझ्याकडे बघवेना म्हणून तो घड्याळाकडे बघत राहिला. लोकांना काही कळत नव्हतं, ते ग्लेबच्या नावाने ओरडतच होते. ग्लेबला सगळं ऐकू आलं होतं. तो तसाच रेघेवर उभा राहिला, शिट्टी वाजेपर्यंत. मग त्याने ग्लोव्हज काढले, तळव्याला तळवा लावून व्यवस्थित घडी केली आणि मैदानात धावून जाऊन सगळ्यात आधी दुशानला मिठी मारली.

मग मला वर उडवलं. आमच्याकडे कोचला उडवायची पद्धत आहे, आणि कोच मीच होतो. तीनदा वर गेलो, तीनदा खाली आलो. बुतोवने दोन्ही गालांवर मुके घेतले आणि म्हणाला की अर्खिपिच, मी पहिल्यापासून म्हणत होतो. काय म्हणत होता ते त्यालाही आठवत नसावं. वर उडताना मला दिसलं होतं, ग्लेब सरावाचे चेंडू गोळा करून जाळीत भरत होता. ते काम दुसऱ्याचं होतं.

गर्दी पातळ झाली तेव्हा मी कपडे बदलायच्या खोलीत गेलो. पोरं बाहेर शॅम्पेन उडवत होती. ग्लेब एकटा बसून गुडघ्यावर बर्फ धरून होता. मी त्याच्या शेजारी बसलो.

"मोजायला चुकलो रे."

"नाही बाबा," तो म्हणाला. "पार्फ्योन लंगडला तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी जॅकेट काढून उभासुद्धा राहिलो होतो."

मला वाटलं होतं, कुणाला दिसलं नाही.

"दुशान चांगला खेळत होता," मी म्हणालो.

"हो ना. मीही त्यालाच ठेवलं असतं."

हे तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, रागाचा लवलेश नाही. त्याने बूट फेकून मारला असता तर बरं झालं असतं. वर्षभर मी कसात्किनला शिव्या घातल्या, बुतोवला घातल्या, बसच्या ड्रायव्हरलाही सोडलं नाही. आणि ज्या दिवशी दोरी माझ्या हातात आली, त्या दिवशी मी तेच केलं जे त्यांनी केलं असतं, आणि माझ्या पोराला त्यात काही वावगं वाटलं नाही. वीस वर्षांत त्याने कोच नावाची जात नीट ओळखली होती. मी निराळा असेन असं त्याला फक्त एक रविवारभर वाटलं होतं.

त्याने बर्फाची पिशवी कचऱ्यात टाकली, बॅग खांद्याला लावली आणि म्हणाला की चला, आई गाडीपाशी थांबली असेल. मी त्याच्या मागोमाग बोळातून चालत होतो. तो जरासा लंगडत होता. दाराबाहेर अर्धं गाव जमलं होतं, भिंतीवर लिहिणारेही असतीलच, आणि सगळे एका सुरात माझं नाव घेत होते. ग्लेबने दार उघडलं आणि बाजूला होऊन धरून ठेवलं.

"तुम्ही व्हा पुढे, बाबा," तो म्हणाला. "तुम्हाला बोलावतायत."

आणि मी पुढे झालो.